तानी धवलेरीने वाचलेलं पान

तानीबद्दल लिही, असं मला कुणी सांगितलेलं नाही. उलट पालघरला आम्हा निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत मी तिचं नाव काढलं की दोघंतिघं घड्याळाकडे बघायला लागतात. सोजराबाईंनी पुन्हा तेच दळण दळायला घेतलं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. बघू देत घड्याळ. त्यांच्यापैकी एकानेही आयुष्यात एक पान वाचायला अडीच महिने घालवलेले नाहीत.

चीनच्या लढाईच्या वर्षी मी मास्तरीण म्हणून बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वारली पाड्यावर गेले. मी साताऱ्याकडची, वय तेवीस, लग्न व्हायचं होतं आणि अंगात शहाणपण मावत नव्हतं. तेव्हा गावोगाव ग्रामशिक्षणाची मोहीम जोरात होती. मोठ्या माणसांना लिहायवाचायला शिकवायचं, गाव साक्षर झालं की मांडव घालून समारंभ करायचा, साहेबांसमोर चारदोन जणांनी वाचून दाखवायचं, टाळ्या, हार, फोटो. पुरुषांचा वर्ग हेडमास्तरांकडे होता, बायकांचा माझ्याकडे. आमचा वर्ग शाळा सुटल्यावर ओसरीवर भरे आणि दिवस कलायच्या आत संपे, कारण पुढे प्रत्येकीला चूल वाट बघत असे.

पहिल्या दिवशी अकरा बायका आल्या. दहाजणी भिंतीला टेकून बसल्या. अकरावी सरळ पुढे येऊन माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, "तू शिकवनार? तू तं पोर हायेस."

ती तानी. चाळिशीची, काटक, गुडघ्यापर्यंत कासोटा घातलेलं लुगडं, आणि नजर अशी की बघणाऱ्यानेच खाली बघावं. तिच्या 'तू'चा मला भयंकर राग आला. पुढे कळलं की वारली माणूस देवालाही तू म्हणतो आणि मामलेदारालाही. त्यात माझी काय मातब्बरी!

तानी धवलेरी होती. आमच्याकडे लग्न भटजी लावतात. वारल्यांत ते बाई लावते, तिला धवलेरी म्हणतात. तांदळाच्या पिठाने चौक लिहिलेल्या भिंतीसमोर बसून ती लग्नाची गाणी म्हणते. ती एक ओळ म्हणते, मागच्या बायका ती ओळ उचलतात, मग ती पुढची म्हणते. असं तासन् तास चालतं. तानीच्या डोक्यात किती गाणी होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. एक ओळ पुढेमागे झालेली चालत नसे.

याच डोक्याने मला फसवलं. दुसऱ्या आठवड्यात ती सातवा धडा घडाघडा वाचायला लागली तेव्हा मी हरखून गेले. घरी पत्र लिहिलं, की इथे एक बाई निघाली आहे विलक्षण हुशार. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की ती वाचते सातवा आणि तिच्या पुढ्यात उघडलाय चौथा, तोही उलटा. मी एकदा म्हणून दाखवलेलं तिने जसंच्या तसं ठेवून घेतलं होतं.

"हे वाचणं नव्हे, तानी. हे पाठ म्हणणं झालं," मी ओरडले.

"येतं ना मना? मग झाला तं," ती म्हणाली आणि पुस्तक बंद करून खुशाल विडी पेटवायला उठली. विहीर स्वच्छ ठेवा, दात घासा, असल्या गोष्टी अक्षरं लावून वाचण्याचं तिला काही कारण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते सांगता येत नव्हतं.

कारण मिळालं ते पालघरच्या बाजारात. एडवणची एक कोळीण सुकट विकायला बसे. तिने सुकट बांधून द्यायला रद्दीतून एक पुस्तक ओढलं. कव्हर नव्हतं, पहिली काही पानं आधीच्या गिऱ्हाइकांबरोबर गेलेली. मी सहज दोन ओळी वाचल्या आणि म्हटलं, मावशी, सुकट पळसाच्या पानात बांध आणि हे मला दे. अमेरिकेतल्या एका बाईने सांगितलेली तिची स्वतःची हकिगत होती ती, मराठीत आणलेली. बाईचं नाव जुडी. जन्माने गुलाम, पुढे सुटली, आणि म्हातारपणी आपलं सगळं आयुष्य सांगून तिने ते लिहवून घेतलं.

वर्गाला काहीतरी गोडी लागावी म्हणून मी ते रोज दोन पानं वाचून दाखवायला लागले. पहिल्याच दिवशी जुडीला बाजारात उभं करून, तोंड उघडायला लावून, दात बघून विकल्याचं आलं. मंगळी म्हणून एक हसरी पोरगी वर्गात होती, तिचं हसू मावळलं. "बैलावानी?" तिने विचारलं. तानी नुसतं म्हणाली, "मग?"

त्या दिवसापासून तानी रोज 'मग?' म्हणायची. जुडी कापूस वेचते. मग? जुडीच्या आईला दुसरीकडे विकलं. मग? माझ्या आयुष्यात इतकं लक्ष देऊन कुणी माझं वाचन ऐकलेलं नाही, इन्स्पेक्टरनेही नाही.

तिचं लक्ष इतकं का, ते मला मंगळीने पाण्याच्या वाटेवर सांगितलं. तानी आणि तिचा नवरा गोमा एके काळी लग्नगडी होते. त्या मुलखात तेव्हा लग्नाचा भात आणि ताडी जमीनदार पुरवायचा आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघं त्याची व्हायची. किती वर्षं, ते तो ठरवणार. पुढे लाल बावट्याच्या, म्हणजे किसान सभेच्या उठावाच्या वर्षी सगळ्या वारल्यांनी वेठ नाकारली, तेव्हा तानीने शेणाची पाटी शेठच्या अंगणाच्या मधोमध पालथी केली आणि गोमाचा हात धरून चालती झाली. तेव्हापासून ती कुठलंही लग्न लावण्याआधी एकच प्रश्न विचारायची, "भात कुनाचा?" शेठचा आहे असं कळलं तर ती उठून घरी जायची. लग्न अडलं तरी चालेल. दोन घरांनी शेठचा भात परत केला होता, हे मंगळीने फार अभिमानाने सांगितलं.

तर पुस्तक. दहाव्या की अकराव्या दिवशी असं पान आलं, जे मी आदल्या दिवशी घरी वाचून ठेवलं होतं आणि वर्गात वाचायचं नाही असं ठरवलं होतं. मालकाने जुडीशी काय केलं, ते त्या पानावर होतं. उघडंवाघडं काही नव्हतं, पण सरळ होतं. मी कुंवार मुलगी, ओसरीखाली हेडमास्तर आणि चार पुरुष बसलेले. माझी जीभ रेटेना. मी दोन पानं एकदम उलटली आणि पुढचं वाचायला घेतलं.

"थांब," तानी म्हणाली. "काल जुडी एकटी व्हती. आज तिच्या कडंवर पोर हाय. मदी काय झाला?"

"अगं, पुस्तकात असं असतं. काही वर्षं गेली असं समजायचं."

"आमच्यात पोरं आदी न् लगीन मागनं, त्याचा मना काय नाय. पन गडी तं पायजे. तिचा गडी कोन?"

मी म्हटलं, पानं चिकटली आहेत. तानीने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, नखाने ती दोन पानं अलगद वेगळी केली आणि उघडं पान माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"तू गाळलास," ती म्हणाली. ओरडली नाही. "मी लग्नात एक गाना गाळला तं लगीन लागत नाय. पयल्यापासनं म्हनावा लागते. आन् तू त्या बाईचा आख्खा पान गाळलास?"

माझं तोंड उतरलं. मी हळूच म्हटलं, उद्या तुला एकटीला वाचून दाखवते.

"नको. तू परत गाळशील. आता मीच वाचीन."

आणि तिने वाचलं. म्हणजे लगेच नव्हे. जानेवारीचे शेवटचे दिवस होते ते. वाचून झालं तेव्हा पळस फुलून गळायला लागला होता. रोज ती ते पान पुढ्यात घ्यायची आणि त्यातलं एकेक अक्षर मला विचारायची. शब्द सांगायची मला बंदी होती. शब्द सांगितला की तो तिच्या डोक्यात जाऊन बसणार आणि मग ते वाचणं राहणार नाही, हे तिला आता माझ्याहून जास्त कळत होतं. त्या पानावर नसलेलं अक्षर ती शिकायला तयार नसे. मी एकदा ज्ञ काढून दाखवला, तर म्हणाली, "हा जुडीला लागला नाय, मना कशाला?" बाकीची अक्षरं ती शिकली ती पुढे, माझ्यावर उपकार म्हणून.

एक दिवस बाकीच्या बायका गेल्या आणि ती मागे राहिली. पानावर बोट ठेवून तिने सुरुवात केली. "माझ्या... खोपटाला... आतून... कडी... नव्हती."

तिथे ती थांबली. बोट 'कडी'वरच होतं. मग म्हणाली, "आमच्या गोठ्याला पन नव्हती."

दिनानाथ शेठच्या गोठ्याच्या कडेला लग्नगड्यांची खोपटं होती. दाराला कडी होती ती बाहेरून. गोमाला गवताच्या गाठी भरायला आठ आठ दिवस बोईसर स्टेशनावर पाठवत. "माजा पयला पोर गोमाचा नाय," तानी म्हणाली. "तापानं गेला तो. गोमाला ठावं हाय. पाड्याला ठावं हाय. शेठला ठावं हाय. कुनी बोलत नाय."

मला रडू फुटलं. तिचे डोळे कोरडे होते, ती संतापली होती. "तू कशाला रडतेस? ती बाई कुठली कुठं, तिनं सांगला न् छापला. ती नाय लाजली. मी का गप? लाज मना का त्याला?" मग पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून तिने ठरवून टाकलं, "त्या समारंभाला मी हा पान वाचनार. त्याच्या तोंडासमोर."

आता ह्या दिनानाथ शेठचं सांगितलं पाहिजे. आमच्या पाड्याच्या समारंभाचे अध्यक्ष तेच होते. गवताच्या धंद्यातला मोठा माणूस. लाल बावट्याच्या वर्षी घराला कुलूप लावून दोन महिने बाहेरगावी जाऊन राहिले होते, परत आले ते खादीची टोपी घालून. आता शाळेला घड्याळ त्यांचं, मांडव त्यांचा, साहेबांचं जेवण त्यांच्याकडे. बोलायला असे गोड, की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यांनी आयुष्यात मुंगी मारली नसेल.

तानी काही लपवून ठेवणारी नव्हती. समारंभाला चार दिवस असताना विस्तार अधिकारी खंडेराव तयारी बघायला आले आणि त्यांनी विचारलं, कोण काय वाचणार. तानीने सांगून टाकलं. खंडेराव मला बाजूला घेऊन गेले. ते माझ्याच जिल्ह्याचे, वडिलांच्या ओळखीचे, माणूस वाईट नव्हे. पण नोकरीत मुरलेले.

"सोजराबाई, आपण इथे परमुलखातले. तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे. त्या बाईला अकरावा धडा द्या, 'आपला गाव स्वच्छ गाव.' आणि ते पुस्तक पेटीत टाका."

मी हो म्हटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं. पुस्तक पेटीत टाकून कुलूप लावलं आणि तानीच्या झोपडीवर जाऊन सांगितलं, की साहेबांचा हुकूम आहे.

"तुना भ्या वाटते?" तिने विचारलं.

"हो."

"वाटू दे. मना पन वाटायचा." एवढं बोलून ती पुन्हा सुपात तांदूळ पाखडायला लागली. मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

समारंभ रविवारी सकाळी झाला. मांडवाला आंब्याचे टहाळे, पुढे खुर्च्या, मागे जमिनीवर सगळा पाडा. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. दिनानाथ शेठ अर्धा तास बोलले. म्हणाले, आमच्या घराण्याचा आणि ह्या वारली बांधवांचा पिढ्यान् पिढ्यांचा जिव्हाळा आहे, आमच्या घरी राबणाऱ्या माणसाला आम्ही कधी नोकर म्हटलं नाही, लेकरासारखं वागवलं. खुर्च्यांवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. जमिनीवरच्यांनी पुढच्यांकडे बघून वाजवल्या. तानी माझ्या डाव्या हाताला बसली होती. तिने हात मांडीवरून उचलले नाहीत.

मग खंडेरावांनी तिचं नाव पुकारलं आणि अकरावा धडा काढून पुस्तक तिच्या हातात दिलं. ती उभी राहिली. पहिली चार वाक्यं तिने खडखडीत म्हटली. खंडेरावांनी समाधानाने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात तिने पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

"हा मना पाठ हाय," ती म्हणाली. "पाठ म्हनला म्हंजे वाचला नाय, आसा आमच्या बायनं शिकवलाय. मी वाचून दावते." मग माझ्याकडे वळून हात पुढे केला. "बाय, माजा पान दे."

पुस्तक माझ्या पिशवीत होतं. सकाळी निघताना मी पेटी उघडून ते काढून घेतलं होतं. का, ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आता सांगते. ते पान मी एकदा गाळलं होतं, दुसऱ्यांदा गाळायची माझी छाती झाली नाही. खंडेराव डोळ्यांनी नको नको म्हणत होते. मी उठले, टेबलापर्यंत गेले आणि ते पान उघडून पुस्तक तिच्या हातात ठेवलं.

"ही बाई जुडी," तानीने सगळ्यांना सांगितलं. "अमेरिकेत रहायची. मालकानं इकत घेतलेली. आयका."

तिने बोट टेकवलं. "माझ्या... खोपटाला... आतून... कडी... नव्हती."

एका ओळीचा शेवट झाला म्हणून ती श्वास घ्यायला थांबली. आणि मागून बायकांनी ती ओळ उचलली. कुणी ठरवलेलं नव्हतं. धवलेरी ओळ म्हणून थांबली, की ती उचलायची, एवढंच त्या जन्मभर करत आल्या होत्या. चाळीसएक बायका एका आवाजात म्हणाल्या, "माझ्या खोपटाला आतून कडी नव्हती." मंगळीचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

तानीने एकदा मागे बघितलं. मग पुन्हा पानात बघितलं. "मालक... ती... लावू... देत... नसे."

"मालक ती लावू देत नसे."

खुर्च्यांवर चुळबुळ सुरू झाली. बोईसरहून आलेले एक पाहुणे शेजाऱ्याला विचारत होते, हा कुठला धडा? खंडेराव टेबलावरचा कागद उगाच सरळ करत होते. तानीचं कुठेच लक्ष नव्हतं. जोडाक्षर आलं की ती थांबे, ओठांतल्या ओठांत लावून बघे, आणि मगच मोठ्याने म्हणे. एकही शब्द तिने अंदाजाने म्हटला नाही.

"तो पाहिजे तेव्हा येई." बायकांनी उचललं. "मी ओरडले, ते ज्यांनी ऐकले, ते दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पाहत नसत." ही ओळ लांब होती, तानीने ती तीन वेळा मोडली, आणि बायकांनी तीनही तुकडे उचलले. पुरुषांच्या बाजूला म्हातारे मान खाली घालून बसले. गोमाने मात्र मान वर ठेवली होती. तो बायकोकडे बघत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते तो पुसतही नव्हता.

त्याच वेळी दिनानाथ शेठ खुर्चीवरून उठले. खुर्ची मागे पडली. कान लाल झाले होते, मघाचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला होता. "बंद करा! खंडेराव, बंद करा हे! मला इथे बोलावून माझ्या अब्रूवर... माझ्याच मांडवात... ही बाई वाटेल ते..."

तानीने बोट ओळीवरून हलवलं नाही. मान तेवढी वर केली.

"शेठ, बाई अमेरिकेची," ती म्हणाली. "मालक अमेरिकेचा. खोपट पन अमेरिकेचा. मी तुजा नाव नाय घेतला. मग तू का उठलास?"

शेठना बसायला मागे खुर्ची नव्हती आणि निघून जायला वाट माणसांमधून होती. सगळा पाडा, सगळे पाहुणे, खंडेराव, सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते तसेच उभे राहिले, आणि तानीने पुढची ओळ वाचायला घेतली, कारण पान अजून अर्धं राहिलं होतं.